कावसजीचं नाक आणि अण्णांची नडगी

मंडळी, ह्या शनिवारचा लेख जरा घरगुती आहे आणि थोडा पू-रक्ताचाही आहे. नाश्ता करता करता वाचत असाल तर आधी तो संपवा :-)

तर झालं असं. मागच्या वर्षी मार्चमध्ये पाथर्डीला आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, नडगीवरची गाठ काढली. गाठ जुनीच, आवळ्याएवढी. दुखत नव्हती, पण सायकलच्या पायडलला घासून सारखी सोलायची. तालुक्याच्या गावातल्याच एका छोट्या दवाखान्यात तेवढीच जागा बधिर करून अर्ध्या तासात काम उरकलं. काळ्या दोऱ्याचे पाच टाके. अण्णा आपल्या पायांनी चालत घरी आले. गाठ तपासायला पाठवली होती, ती साधीच निघाली. सगळे खूश.

सहाव्या दिवशी पाय लाल, गरम आणि टाक्यांमधून पू. टाके उघडावे लागले. मग गोळ्या, रोज ड्रेसिंग, आणि जखम भरायला पाच आठवडे.

घरात लगेच कोर्ट बसलं. आरोपी चार. पहिली आमची आई. तिने दुसऱ्या दिवशी अण्णांना अंघोळीला दोन तांबे जास्त दिले आणि पट्टी भिजली. ("पाणी लागलं, म्हणून चिघळलं," इति आत्या.) दुसरी मढीची यात्रा. होळीपासून रंगपंचमीपर्यंत कानिफनाथांच्या यात्रेची गर्दी, गाढवांचा बाजार, सगळ्या तालुक्यात धुरळा. तिसरा डॉक्टर, कारण माझ्या चुलतभावाने पाहिलं होतं की त्यांनी हातमोजे साध्या खोक्यातून काढले, सीलबंद पाकिटातून नाही. आणि चौथा मी. कारण "पुण्याला नेलं असतं तर हे झालं नसतं."

आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की नंतर बसून कारणं शोधतात, त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. अण्णांसमोर हा शब्द वापरला आणि बोलणी खाल्ली. पण कारण शोधायचं ठरवलंच, कारण एका रात्री आई फोनवर म्हणाली, "माझ्याच हातानं झालं रे." तेव्हा मला काही बोलताच आलं नाही. "तसं काही नसतं गं" हे उत्तर नव्हे. तसं असतं की नसतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

मग वाचायला लागलो. मनात प्रश्न साधा होता. अँटिबायोटिक नव्हती, जंतू असतात हेही कुणाला माहीत नव्हतं, तेव्हा कातडीवर सुरी चालवली की काय व्हायचं? शोधत शोधत थेट पेशवाईत पोचलो. आणि गंमत म्हणजे, पुण्याच्याच आसपास.

*

१७९२ साल. इंग्रज, मराठे आणि निजाम एकीकडे, टिपू सुलतान दुसरीकडे. इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नावाचा एक गाडीवान होता, बैल हाकणारा. नाव ऐकून पारशी वाटेल, पण जुन्या मजकुरात तो मराठा, शेतकरी जातीचा असं लिहिलंय. तो टिपूच्या सैन्याच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं.

वर्षभर कावसजी बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. हा माणूस वैद्य नव्हता, विटा करणाऱ्या जातीतला होता. म्हणजे बहुधा आपला कुंभार. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. कावसजीचं मात्र चित्र निघालं. पुणे दरबारात चित्रं काढणाऱ्या जेम्स वेल्स नावाच्या चित्रकाराने १७९४ मध्ये ते काढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये 'बी. एल.' अशा सहीचं एक पत्र छापून आलं. त्यात ह्या शस्त्रक्रियेची सगळी कृती होती. मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले ह्या दोन डॉक्टरांनी ती करताना पाहिली होती.

कृती अशी. मेणाचा पातळ पत्रा घेऊन तुटक्या नाकावर नाकाचा आकार करायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवतीने रेघ ओढायची. (कुंभाराचं डोकं! आधी साचा, मग माल.) रेघेवरून कपाळाची कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मधे एक बारीक पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. पानाला देठ असतो तशी. जुन्या नाकाच्या कडा ताज्या करायच्या, त्यांच्यामागे खाच पाडायची, कपाळाची कातडी पीळ देऊन खाली आणायची आणि तिच्या कडा त्या खाचेत बसवायच्या. वरून ओला कात (पानात खातो तोच) लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक. चार दिवस त्याला हात लावायचा नाही. मग तुपात भिजवलेलं कापड. पेशंटने पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. साधारण पंचविसाव्या दिवशी तो देठ कापायचा.

भूल नाही. ईथर आणि क्लोरोफॉर्म यायला अजून पन्नास वर्षं होती. सुरी उकळणे, हात धुणे, असलं काही पत्रात नाही. आणि तरीही वेल्सच्या चित्रात कावसजी पागोटं बांधून बसलाय आणि नाक व्यवस्थित आहे. ते पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये तीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हे पान हमखास असतं.

आपल्याकडे ही गोष्ट "बघा, आमच्याकडे सगळं होतं" अशा थाटात सांगतात. मला वेगळाच प्रश्न पडला. कावसजीचं नाक का नाही चिघळलं? आणि अण्णांची स्वच्छ दवाखान्यात, स्वच्छ हत्यारांनी कापलेली नडगी का चिघळली?

एक सावधगिरी आधीच सांगतो. जे जगले त्यांचीच चित्रं निघतात. ज्यांचं नाक सडलं त्यांना कुणी मासिकात छापलं नाही. तेव्हा एका कावसजीवरून सगळं सिद्ध होत नाही. पण पत्रात म्हटलंय की ही शस्त्रक्रिया सहसा यशस्वी होते. तसं का व्हावं, ह्याची कारणं आज सांगता येतात.

पहिलं कारण, जागा. चेहऱ्याला रक्ताचा पुरवठा भरपूर. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तातूनच येतात. त्यात कुंभाराने देठ ठेवला होता, म्हणजे नव्या नाकाला जुना रक्तपुरवठा चालू. ती पट्टी रक्ताभिसरण टिकवण्यासाठी असते हे त्या पत्रातही स्पष्ट लिहिलंय. दुसरं, कातडी पुढून झाकलेली, पण घट्ट शिवून बंद केलेली नव्हती. आणि तिसरं सगळ्यात मजेशीर, त्या वर्णनात टाकेच नाहीत! जोड धरून ठेवायला फक्त खाच आणि कात. ह्या टाक्यांकडे नंतर परत येतो.

*

आता चौथ्या आरोपीकडे, म्हणजे "पुण्याला नेलं असतं तर."

एडिंबरोचा जेम्स सिम्प्सन, क्लोरोफॉर्मची भूल रुळवणारा, त्याने १८६९ मध्ये एक हिशोब मांडला. मोठ्या इस्पितळांत हात-पाय कापण्याच्या सुमारे २१०० शस्त्रक्रिया आणि खेड्यापाड्यांत, शेतकऱ्यांच्या आणि खाणकामगारांच्या घरात केलेल्या साधारण तेवढ्याच. इस्पितळांत १०० पैकी ४१ दगावले. खेड्यांत १०० पैकी ११. मोठ्या इस्पितळात पेशंटच जास्त वाईट अवस्थेत येतात, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि त्यात तथ्य होतं. पण फरक एवढा मोठा होता की सगळा त्यावर ढकलता येत नव्हता. एकाच वॉर्डात पन्नास चिघळलेल्या जखमा आणि एका जखमेवरून दुसरीवर जाणारे तेच न धुतलेले हात... कावसजीला हे भोगावं लागलं नाही. एक कुंभार, एक पेशंट.

अर्थात ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आजचं मोठं हॉस्पिटल म्हणजे तेव्हाचा वॉर्ड नव्हे. पण आवळ्याएवढ्या साध्या गाठीसाठी पाथर्डी सोडून पुणं गाठलं की इन्फेक्शन टळतं, ह्याला मला काही आधार सापडला नाही. मी सुटलो. (असं तेव्हा वाटलं. थांबा.)

सिम्प्सनच्या हिशोबाच्या चार वर्षं आधी, ऑगस्ट १८६५ मध्ये, ग्लासगोत जोसेफ लिस्टरकडे अकरा वर्षांचा एक मुलगा आला. पायावरून गाडीचं चाक गेलेलं, नडगीचंच हाड मोडून कातडी फाटलेली. अशा जखमेत तेव्हा पाय कापणं हाच नेहमीचा मार्ग. लिस्टरने पाश्चरचं काम वाचलं होतं. त्याने जखमेवर कार्बोलिक ॲसिडच्या पट्ट्या ठेवल्या. मुलगा सहा आठवड्यांत बरा झाला. १८६७ मध्ये लिस्टरने हे सगळं 'लॅन्सेट'मध्ये छापलं आणि शस्त्रक्रियेची दुनिया बदलली.

पण त्यातून एक समजूतही घट्ट झाली, ती आजही आपल्या घराघरात आहे. ती अशी की इन्फेक्शन म्हणजे बाहेरून आलेली घाण. हवा, धूळ, पाणी, कुणाचा तरी निष्काळजीपणा. म्हणजे कुणीतरी दोषी असलाच पाहिजे.

१८८० च्या सुमारास ॲबर्डीनच्या अलेक्झांडर ऑग्स्टनने गळवांमधला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. द्राक्षांच्या घडासारखे जंतू दिसले. त्यांना त्याने स्टॅफिलोकॉकस नाव दिलं. त्यातलं ग्रीक मूळ द्राक्षाच्या घडाचंच. कातडीच्या शस्त्रक्रियेनंतर पू करणारा मुख्य गडी हाच. आणि तो राहतो कुठे? मढीच्या धुरळ्यात शोधायची गरज नाही. साधारण तीन माणसांत एकाच्या नाकात तो वस्तीलाच असतो. कातडीवर, बगलेत, जांघेतही असतो. शस्त्रक्रियेनंतरचे बरेचसे जंतू पेशंटच्या स्वतःच्या अंगावरचे असतात. ऑपरेशनआधी कातडी औषधाने पुसतात त्याने ते खूप कमी होतात, शून्य होत नाहीत. धूळ सुटली.

*

म्हणजे जंतू असतातच. मग प्रश्न उरतो की ते कधी जिंकतात?

१९५० च्या दशकात लंडनमध्ये स्टीफन एलेकने एक धाडसी प्रयोग केला. स्वयंसेवकांच्या कातडीत मोजून जंतू टोचले. धडधाकट माणसाच्या कातडीत पू व्हायला काही दशलक्ष जंतू लागले. मग त्याने तिथेच रेशमी टाका घातला. आता काहीशे पुरले! दोऱ्याच्या आडोशाला जंतू लपून बसतात आणि पांढऱ्या पेशींना सापडत नाहीत. आमच्या भाषेत, सिस्टिममध्ये एक मागचं दार उघडं राहिलं. टाके घालू नयेत असा ह्याचा अर्थ नाही. नाहीतर जखम बंद कशी होणार? पण काळ्या दोऱ्याचे पाच टाके ही फुकटची गोष्ट नाही, एवढं खरं. कावसजीला ही किंमत मोजावी लागली नव्हती.

आता आकडे. ऑस्ट्रेलियात कातडीचा कॅन्सर फार, त्यामुळे छोट्या शस्त्रक्रियाही फार, आणि हिशोबही नीट ठेवलेले. जिलाँग शहरातल्या ५०९१ शस्त्रक्रियांचा अभ्यास २००६ मध्ये आला. आधी अँटिबायोटिक न देता केलेल्या. एकूण इन्फेक्शन दीड टक्क्याच्या आत. पण गुडघ्याखाली? जवळजवळ सात टक्के. सुरी तीच, डॉक्टर तेच, फक्त जागा वेगळी. नडगीवर कातडी हाडाला ताणून बसवलेली, रक्तपुरवठा बेताचा, आणि उभं राहिलं की पाय सुजतो. कावसजीचं कपाळ आणि अण्णांची नडगी ह्यांत हा मूळचाच फरक.

दुसरा अभ्यास क्वीन्सलँडमधल्या मॅके गावाचा. मॅके म्हणजे ऑस्ट्रेलियाची साखरपेठ, चौफेर ऊस. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जाणाऱ्या तालुक्यातला मी, त्यामुळे नाव वाचून आपलंच कुणी भेटल्यासारखं वाटलं. तिथल्या क्लेअर हील ह्या डॉक्टरबाईंनी साध्या फॅमिली डॉक्टरांकडे होणाऱ्या छोट्या शस्त्रक्रिया मोजल्या. ८५७ पेशंट, इन्फेक्शन ८.६ टक्के. गावागावांचा हिशोब वेगळा येतो तो असा. धोका कुणाला जास्त? गुडघ्याखालचा पाय आणि पाऊल. कॅन्सरची गाठ काढलेले. आणि मधुमेह असलेले.

त्याच पेशंटांवर त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो वाचून मी खुर्चीतून उठलो. टाके पहिल्या दोन दिवसांत ओले झाले तर काय होतं? चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाने ४८ तास पट्टी ठेवायची आणि कोरडं राहायचं, दुसऱ्याने पट्टी काढून नेहमीसारखी अंघोळ करायची. कोरड्या गटात इन्फेक्शन ८.९ टक्के, ओल्या गटात ८.४. हे २००६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलंय.

म्हणजे आईचे दोन तांबे निर्दोष.

हातमोज्यांचंही तसंच. त्याच बाईंनी २०१५ मध्ये ४९३ पेशंटांवर खोक्यातले साधे स्वच्छ हातमोजे आणि पाकिटातले निर्जंतुक हातमोजे ताडून पाहिले. ८.७ आणि ९.३ टक्के, म्हणजे फरक नाहीच. (हे छोट्या शस्त्रक्रियांपुरतं. हत्यारं निर्जंतुक हवीतच आणि हात धुतलेले हवेतच. त्यात सूट नाही.) डॉक्टरही सुटले.

*

आरोपी चारही सुटले, मग उरलं काय? अण्णांची नडगी, जी बदलता येत नाही. टाके, जे टाळता येत नव्हते. आणि साखर.

अण्णांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, जखम रेंगाळते. ऑपरेशनच्या आधी शेवटची तपासणी कधी झाली होती? नऊ महिन्यांपूर्वी. गाठीची काही घाई नव्हती, दोन महिने थांबून साखर ताळ्यावर आणता आली असती. दवाखान्यात कुणी विचारलं नाही, अण्णांनी सांगितलं नाही. आणि दर रविवारी फोनवर पाऊस, कांद्याचा भाव, माझं प्रमोशन सगळं बोलणाऱ्या मुलाने तरी कुठे विचारलं? पुण्याला नेलं नाही ही माझी चूक नव्हतीच. माझी चूक वेगळी होती, आणि त्या कोर्टात तिची तारीखच लागली नाही.

साखर आटोक्यात असती तर नक्की चिघळलं नसतं, असंही म्हणता येणार नाही. हा सगळा संभाव्यतेचा खेळ. गुडघ्याखाली कापलेल्या धडधाकट माणसांतही काहींचं चिघळतंच. पण जी दोन-चार कारणं आपल्या हातात असतात त्यांत साखर आहे, सिगारेट आहे. दोन तांबे पाणी नाही. आणि गंमत बघा, घरात दोष शोधायला बसलो की बोट जातं ते सगळ्यात जवळच्या माणसाकडे. ज्याने सेवा केली त्याच्याकडे. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे बाई.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आईला हे सगळं सांगितलं. कावसजीपासून मॅकेपर्यंत. तिने नाकाची गोष्ट दोनदा ऐकली. मग म्हणाली, "हे आक्कांना सांग. माझ्यासमोर सांग."

भाऊबीजेला आत्या आली. सांगितलं. आत्या म्हणाली, "म्हणजे पाणी लागलं तरी चालतं?" म्हटलं, "स्वच्छ पाणी, अंघोळीपुरतं, चालतं. विहिरीत डुंबायचं नाही." तिने जरा विचार केला. मग म्हणाली, "साखर तर आमच्याच घराण्यातली. आमच्या वडलांनाही होती."

आई काही बोलली नाही. पण त्या दिवशी आत्याला दोनदा वाढलं.

जाता जाता एवढंच. तुमच्या घरी कुणाची अशी छोटी गाठ, मस, तीळ काढायचा असेल तर आधी साखर बघा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना सांगा. ऑपरेशन पायाला असेल तर काही दिवस पाय उंच ठेवून बसवा. पहिल्या एक-दोन दिवसांची थोडी लाली-सूज ही भरत्या जखमेची असते. पण चौथ्या दिवसानंतर दुखणं वाढत गेलं, लाली पसरत गेली, पू किंवा ताप आला, तर घरात कोर्ट भरवू नका. सरळ डॉक्टरांकडे जा.

आणि रविवारच्या फोनवर कांद्याच्या भावाआधी साखर विचारा. मी आता विचारतो. मागच्या वेळी १४० होती, उपाशीपोटी. अजून काम बाकी आहे.

असो. पुढच्या शनिवारी भेटू.